सव्वा मीटरचा बैल

आष्टीच्या बाजारात तानबाला कोणी अंतर विचारण्याच्या भानगडीत पडू नये. विचारलं की तो सरळ उत्तर देत नाही, उलट विचारतो, "तिथं उभा कोण हाये?" टेकडीवरचं देऊळ किती लांब असेल, असं एका पाहुण्याने सहज विचारलं, तर तानबाने देवळाच्या पायरीवर बसलेल्या पुजाऱ्याची उंची किती याचा खल सुरू केला. पाहुणा बिचारा चहा अर्धा टाकून उठला. फौजेची पेन्शन घेऊन गडी गावी आला, संत्र्याची बाग लावली, पोट सुटलं, पण ही खोड काही सुटली नाही. आणि सुटू नये असंच मला वाटतं. कारण त्या खोडीनेच त्याचा संसार सावरला.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. तानबा तेव्हा पलटणीत नायक होता. नेम असा की सगळी पलटण नाव काढायची. पण घरची गोष्ट वेगळी होती. लग्न होऊन सात वर्षं झाली, आणि पलटण कायम सरहद्दीवर. तिथे बायकापोरांना जागा नाही. मंदाबाई गावी सासऱ्याजवळ, म्हणजे अण्णाजींजवळ, पदरात लहानगी रक्षा. तानबा सुट्टीवर यायचा, पोरगी चार दिवस आईच्या पदराआडून त्याच्याकडे पाहायची, पाचव्या दिवशी मांडीवर बसायची, आणि तिला बापाची सवय होते न होते तोच ट्रंक भरायची वेळ यायची. मंदाबाई कधी कुरकुरली नाही. तिच्या न कुरकुरण्याचाच तानबाला जास्त त्रास व्हायचा.

त्याच साली पलटणीतून निशाणबाजांच्या खास कोर्ससाठी त्याची निवड झाली. दुर्बीण लावलेली रायफल, आणि शिक्षण पहाडात. कोर्समध्ये जे वर येतील त्यांना शिकवणारे उस्ताद म्हणून मध्यप्रदेशातल्या एका केंद्रात ठेवून घेणार होते. आणि उस्तादाला राहायला क्वार्टर मिळायचं. दोन खोल्या, नळ, मागे अंगण. तानबाला उस्तादकीचं एवढं कौतुक नव्हतं, त्याने मनात धरलं होतं ते क्वार्टर.

नेमाची त्याला चिंता नव्हती. पण घोडं पेंड खात होतं ते अंतरापाशी. गोळी जात असते खाली झुकत, म्हणून लक्ष्य किती लांब आहे ते आधी कळलं पाहिजे. नाहीतर नेम कितीही चांगला असो, गोळी डोक्यावरून नाहीतर पायाखालून जाणार. त्यासाठी दुर्बिणीच्या काचेत बारीक खुणा कोरलेल्या असतात. हिशेब सोपा आहे. हजार मीटरवर उभी केलेली मीटरभर उंचीची वस्तू बरोबर एक खूण झाकते. तीच वस्तू पाचशेवर आणली की दोन खुणा झाकते. म्हणजे वस्तूची खरी उंची ठाऊक असली, तर किती खुणा झाकल्या ते मोजायचं आणि अंतर काढायचं. उंचीच ठाऊक नसली, तर काचेतल्या खुणा आणि कपाळावरच्या आठ्या सारख्याच.

अंतर ओळखण्याच्या परीक्षेत गोळी झाडायची नव्हती. दरीपलीकडच्या एकेका जागेकडे पाहून कागदावर अंतर लिहायचं होतं. शेवटची जागा होती एक दगडी बांध. बांधाला लागून एक पांढरा बैल चरत होता. बैल दिसला आणि तानबाला वाटलं, आपलं काम झालं. अहो, हा अण्णाजींचा मुलगा! आर्वी-आष्टीकडचा गवळाऊ बैल म्हणजे या घरचं दैवत. उंच, पांढराशुभ्र, पायाने चपळ. गोठ्यातल्या बैलाचा खांदा सव्वा मीटरला लागतो हे तानबाला झोपेतही सांगता आलं असतं. त्याने पाहिलं, बैल अडीच खुणा झाकत होता. पाचशे मीटर! त्याने छातीठोकपणे लिहिलं आणि बाजूच्या जवानाकडे पाहून मिशीला पीळही दिला.

अंतर निघालं चारशे.

परीक्षा घेणाऱ्या डोग्रा उस्तादाने त्याला बाजूला बोलावलं. "बैल कितना ऊंचा लिया?"

"सव्वा मीटर, उस्ताद."

"नापा था?"

"हमारे गांव में बैल..."

"गांव तेरा है," उस्ताद म्हणाला, "बैल तेरा नहीं है."

पहाडातली जनावरं ठेंगणी असतात. तो बैल जेमतेम मीटरभर होता. आमच्याकडचा दुसरा कोणी असता तरी हेच करता, कारण गवळाऊच्या मुलखात वाढलेल्याला पांढरा बैल दिसला की तो आपलाच वाटतो. तानबा थोडक्यात नापास झाला आणि तोंड पाडून सुट्टीवर घरी आला.

अण्णाजी गोठ्यात बैलाला खरारा करत होते. मुलाने सगळं सांगितलं. म्हातारा आधी पोट धरून हसला. तानबाचे डोळे भरलेले दिसले तेव्हा थांबला.

"काऊन बे, क्वार्टर गेलं म्हून रडून राह्यला काय?"

"मंदीले सांगतलं होतं मी, या साली नेतो म्हून."

अण्णाजी खरारा ठेवून त्याच्याजवळ बसले. "हे पाह्य. आर्वीच्या बाजारात मी इतके बैल घेतले. पण दुरून पाहून कधी घेतला काय? खांद्याखाली जाऊन उभा राह्यतो, हात लावतो, मंग बोलतो. दुरून तं सारेच आपले वाटते. ज्याले हात लावला त्याचंच माप सांगाव, बाकीच्याले सांगाव, मले मालूम नाई."

त्या दिवसापासून तानबाने गावात जो धुमाकूळ घातला त्याची आठवण काढून अजून लोक हसतात. टेप घेऊन तो दिसेल ते मोजत सुटला. दारं मोजली, बंडीचं चाक मोजलं, विजेचा खांब, शाळेची खिडकी, पारावर बसणारी म्हातारी माणसं उभी करून मोजली. मोजून झालं की शेताच्या धुऱ्यावर लांब जायचं, घरच्या वाळवणाच्या काठीवर खुणा करून ती हात लांब करून धरायची आणि मोजलेली वस्तू दुरून किती दिसते ते पाहायचं. मंदाबाईला दारात उभं करून त्याने डोक्यावर फूटपट्टी टेकवली तेव्हा तिचा तोल सुटला.

"अवो, लोकं आपल्या बायकोले साडी घेतेत, तुमी माप घेऊन राह्यले! कुठी निशाणा लावता काय मायावर?"

"तू हालू नको."

"सात वर्सं नाई हालली मी इथून," ती म्हणाली. म्हणताना हसली, पण तानबाचा टेप हातातच राहिला. त्या रात्री त्याला भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या साली कमांडिंग साहेबांनी त्याला पुन्हा कोर्सला पाठवलं, आणि ही शेवटची संधी असं बजावूनच पाठवलं. कॅम्पात पोचल्यावर तानबाने पहिलं काम केलं ते मोजायचं. तंबूचा खांब, पाण्याची टाकी, सोबतचे जवान, आणि मेसचा म्हातारा पहाडी स्वयंपाकीसुद्धा. हा म्हातारा फौजी नव्हता, कॅम्पात रोजावर असायचा, आणि अंगाने इतका लहान की मोठ्या पातेल्यामागे उभा राहिला तर नुसती टोपी दिसायची. तानबाने त्याला दारापाशी उभं करून मोजलं. टोपीसकट बरोबर दीड मीटर. म्हातारा म्हणाला, "बेटा, कफन सिलवा रहा है क्या?" तानबाने जीभ चावली आणि त्याला विडी दिली.

परीक्षेचा दिवस उजाडला. सगळ्या जागा नीट पार पडल्या, शेवटची राहिली. दरीपलीकडे पत्र्याचं छप्पर असलेली एक झोपडी होती. दार किती उंच? कोणाला ठाऊक. भोवती एकदोन गाई होत्या, तानबाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाकीच्यांनी दार मनाने धरून आकडे लिहिले आणि कागद दिले. तानबाचा कागद कोरा. उस्ताद घड्याळाकडे पाहू लागला. काहीतरी लिहावं, निदान अंदाजाने तरी, असं हाताला वाटत होतं. बापाचे शब्द मात्र हात धरून बसले होते. ठाऊक नाही तर नाही.

तेवढ्यात पलीकडच्या पाऊलवाटेवर कोणीतरी चढताना दिसलं. हातात किटली. झोपडीपाशी बसलेल्या पहारेकऱ्यासाठी मेसचा म्हातारा चहा घेऊन निघाला होता! तानबाच्या जिवात जीव आला. म्हातारा दारापाशी पोचला, किटली ठेवली आणि कंबर सरळ करून उभा राहिला. टोपीपासून पायापर्यंत बरोबर दोन खुणा. दीड मीटर, दोन खुणा. तानबाने साडेसातशे लिहिलं आणि कागद उस्तादाच्या हाती दिला.

काचेत कोपऱ्यात एक वाकडी रेषाही असते, साधारण उंचीच्या माणसाचं अंतर आयतं दाखवणारी. म्हाताऱ्याला साधारण माणूस समजून कोणी ती रेषा लावली असती, तर शंभर मीटर जास्त लिहून बसला असता. उस्तादाने कागद पाहिला, तानबाकडे पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "नापा था?"

"हाथ लगाके, उस्ताद."

गावात फोन होता तो पुंडलिकरावांच्या किराणा दुकानात. त्यांनी बातमी ऐकली आणि रिसीव्हर तसाच लोंबकळता ठेवून ओरडत गल्लीत पळाले, "मंदाबाई, सामान बांध वो! क्वार्टर भेटलं!" इकडे तानबा कानाला फोन लावून गावची कुत्री भुंकताना ऐकत राहिला, आणि फोनचं बिल वाढत असूनही त्याला ठेवावासा वाटला नाही.

मायलेकी आल्या त्या दिवाळीच्या तोंडावर. मंदाबाईने दोन्ही खोल्या झाडल्या, नळ पुन्हा पुन्हा सोडून पाहिला, मागच्या अंगणात तुळस लावली. अण्णाजींनी दिलेला भुशा-कुटाराचा वास लागलेला गहू डब्यात भरला. दुसऱ्या दिवशी पहाटे तानबाने परेडसाठी बूट चढवले. रक्षा जागी झाली. तिने बूट पाहिले आणि गुपचूप उठून दाराला पाठ लावून उभी राहिली. रडली नाही. पोरीला या सगळ्याची सवय होती.

"बाबा," तिने विचारलं, "आता कधी येसान?"

तानबा खाली बसला.

"दुपारी," तो म्हणाला. "जेवायले."