चिकटपट्टीवरचा पापुद्रा

लेकीच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटाजवळ बसून मी तिचं काम बघत होते. करड्या, चकचकीत स्फटिकावर तिने साधी चिकटपट्टी दाबली आणि अलगद ओढली. केसाहून कितीतरी पातळ पापुद्रा पट्टीवर आला.

"आई, वीज याच्या फक्त अंगावरून वाहते. आतून नाही."

"मग वरचा थर सोलला की संपलं?"

"छे! खालचा थर वर येतो, मग त्याच्यावरून वाहते."

तेवढ्यात शेजारच्या मालूताईंचा फोन आला. त्यांचे यजमान नुकतेच गेले. माझा आवाज आपोआप ओला झाला. "धीर धरा हो, मी येतेच भेटायला," असं म्हणत होते आणि बघत होते ती चिकटपट्टी.

"काय म्हणाल्या गं मालूमावशी?" लेकीने विचारलं.

मला त्यांचा एकही शब्द आठवेना.

मान खाली गेली. किती घरी मी अशी भेटायला गेले असेन. पाठीवरून फिरणारा हात, डोळ्यांना लावलेला पदर, "देवापुढे कुणाचं चालतं?" हे सगळं माझ्या अंगावरून किती सुरळीत वाहतं! आत मात्र कुणाचंच दुःख कधी पोचलं नाही.

निदान ही लाज तरी आतून आली, असं वाटलं. बरं वाटलं. आणि मग लक्षात आलं, समोरच्या कपाटाच्या काचेत मी बघत होते, चेहऱ्यावर ती लाज नीट दिसतेय ना.