थानमावशीनं मारलेली हाक

बारा वर्षं थानमावशी त्या प्रदर्शनभवनाची फरशी पुसत होती, आणि तळमजल्यावरच्या एकाच खांबापाशी तिचा हात रेंगाळायचा. त्या जागी पूर्वी टेकाड होतं. टेकाडावर तिच्या नवऱ्याची, ल्याव योंगशानची, कबर.

चीनमधलं शियांग नदीकाठचं गाव उठलं, तशा कबरीही उपसल्या. हाडं वर निघताना घरच्या माणसानं नाव घेऊन सांगायचं असतं, की घर बदललंय, सोबत चल. न्हाई सांगितलं तर हाडं जातात, माणूस मागं राहतो. त्या दिवशी मावशी नव्या घरांच्या चिठ्ठ्या काढायच्या रांगेत अडकलेली. तिच्याऐवजी दीर कबरीपाशी गेला. परक्या मजुरांदेखत मेलेल्या भावाला हाका मारायची त्याला लाज वाटली, हे त्यानं पुढं दारू चढल्यावर कबूल केलं. भवन उभं राहिलं तसं मावशीनं तिथं काम धरलं.

हाक मात्र उद्यावर ढकलत राहिली. इथं तो हाय, एवढं तरी नक्की होतं. तिकडं येईल न येईल, कुणी सांगावं?

आता नव्या ठेकेदारानं पंचावन्न उलटलेल्या बाया काढल्या. शेवटच्या दिवशी दुपारी मावशीनं बादली ठेवली, खांबाला हात लावला आणि मोठ्यानं नाव घेतलं. घर बदललंय, इमारत नऊ, मजला अठरा, चल.

देखरेखीची पोरगी, पेंग, धावत आली. "मावशे, कुणाशी बोलतीस?"

"मालकाशी."

"फोन तर दिसत न्हाई."

"त्यो फोन यायच्या आधीच गेला."

पेंगनं पुढल्या दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मागल्या दारानं न्हे त्येला. पुढं तपासणीचं यंत्र हाय."

लिफ्ट त्यानं जन्मात पाहिली नव्हती, म्हणून मावशी जिन्यानं चढली. घरी येऊन दार सताड उघडं ठेवलं, भात आणि धुरावलेलं डुकराचं मटण वाढलं. वाफ विरली. मागं कुणी असल्यासारखं काही वाटेना.

मग तिच्या ध्यानात आलं. अशुभ म्हणून चार, तेरा, चौदा हे आकडे इमारतीनं गाळलेले. तिचा अठरावा मजला खरा पंधरावा. आणि योंगशान गवंडी. पाटीवर भरवसा न ठेवता विटांचे थर स्वतः मोजणारा.

ती गुडघे धरत आणखी तीन मजले, खऱ्या अठराव्यावर, चढली. तिथल्या बंद दारापुढं नुकत्याच काढलेल्या चपला होत्या, आतनं टीव्हीचा आवाज येत होता. काय सांगायचं, हे न ठरवताच तिनं दार वाजवलं. आतनं कुणीतरी पाय ओढत येऊ लागलं.