मुहूर्ताचा भाव

सिंदी रेल्वे या आमच्या गावात संपादक म्हणवून घेणारा एकच माणूस आहे, सदाशिवराव. तो संपादक आहे हे लोकांना त्यानं स्वतः सांगितल्याशिवाय कळत नाही, म्हणून तो सांगत असतो. 'रुई-सरकी समाचार' नावाचं पाक्षिक त्यानं तीसेक वर्षं चालवलं. पहिल्या पानावर ज्या जिनिंगवाल्याची जाहिरात त्याचाच फोटो, आणि खाली 'कापूस उद्योगाचे भाग्यविधाते'. पुढे जिनिंगच्या कारखान्याला कुलूप लागलं तरी मालक भाग्यविधाताच राहायचा, कारण छपाईचा ब्लॉक तयार होता. दुसऱ्या पानावर सरकारला खडसावणारं संपादकीय असायचं. मजकूर दरवर्षी तोच, फक्त मंत्र्याचं नाव बदलायचं, आणि एका वर्षी तर तेही बदलायचं राहून गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते पान कुणी वाचतच नव्हतं.

वाचायचं ते शेवटचं पान. मी सरकीचा आणि तिच्या पेंडीचा, म्हणजे ढेपेचा, दलाल, मीही तेवढंच वाचायचो. वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, सिंदी इथले रुईचे, सरकीचे आणि ढेपेचे भाव त्या पानावर असत आणि ते खरे असत. एवढं एक काम हा माणूस इमानानं करायचा. त्याला अक्कल लागत नाही, दहा ठिकाणी फोन लावावे लागतात, आणि फोनवर बोलणं सदाशिवरावांना जेवणापेक्षा प्रिय.

अंक पंधरवड्यानं निघायचा, पण भाव तर रोज लागतो. त्यामुळे सकाळपासून त्यांच्याकडे फोन यायचे. भाऊ, सरकी काय निघाली? हा प्रश्न आला की सदाशिवराव घसा खाकरून घेत, खुर्चीत ताठ होत आणि मग सावकाश भाव सांगत, जसा काही तो त्यांनीच ठरवलाय. माणूस भाव ऐकून फोन ठेवून द्यायचा, पण यांचा दिवसभराचा तोरा त्यावर चालायचा. लोकांनी आपल्याला विचारावं, यापलीकडे त्यांना आयुष्यात काही नको होतं. एवढीशी हौस, पण तीसुद्धा मोबाईलनं हिरावून घेतली. जिनिंगवाल्यांचे ग्रुप झाले, हिंगणघाटचा भाव निघायच्या आत सिंदीत पोचू लागला. वाढदिवसाचे फोटो फेसबुकवर फुकटात लागू लागले, तेव्हा भाग्यविधात्यांनी जाहिराती बंद केल्या. अंक बंद पडला आणि फोनही.

मग सदाशिवराव डिजिटल झाले. आधी त्यांनी जुन्याच अंकाची पानं स्कॅन करून ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. पान आडवं यायचं, वाचायला मान वाकडी करावी लागायची. मग नागपूरला एका हॉटेलात लहान नियतकालिकांच्या संपादकांची कार्यशाळा झाली. जन्मात एक ओळ न छापलेला पोरगा यांना 'कंटेंट'वर दोन तास बोलला आणि हे सगळे म्हातारे वही काढून लिहून घेत बसले. तिथून आल्यावर सदाशिवराव अंकाला 'प्रॉडक्ट' म्हणू लागले. शेवटी यूट्यूब चॅनल निघालं. वर्ध्याच्या मे महिन्यात हा माणूस कोट घालून, पंखा बंद करून (आवाज येतो म्हणून) सरकीचा भाव सांगायचा. मागे पडद्यावर कुठल्याशा परदेशी शहराच्या उंच इमारती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

कॅमेरा सून रुचिका सांभाळायची. घरातली अक्कल तिच्याकडे होती, म्हणून तिचं कुणी ऐकत नसे. तिनं सांगून पाहिलं की बाबा, व्हिडिओ कशाला, रोज सकाळी चार ओळींत भाव पाठवा, लोक वाट पाहतील. पण चार ओळींत चेहरा दिसत नाही. चेहरा दाखवायचा तर कुणी पाहिला पाहिजे, आणि इथेच घोडं अडलं. बाजार बहुतेक दिवस स्थिर असतो. 'सरकी आजही स्थिर' असं सांगणारा कोटवाला म्हातारा कोण पाहील? मी एकदा विचारलं, सदाशिवराव, कोण पाहते हो तुमाले? म्हणाले, लोक हळूहळू जोडले जात आहेत. जोडले जाणाऱ्यांत त्यांचे दोन व्याही आणि मी होतो, आणि मी आवाज बंद करून पाहायचो.

दिवाळीआधी एका जिनिंगमध्ये कापूस खरेदीचा मुहूर्त झाला. आमच्याकडे त्या दिवशी वजनकाट्याची पूजा करतात, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला शेला-नारळ देतात आणि त्याच्या कापसाला मानाचा भाव देतात. बाजार क्विंटलला सात हजाराच्या आत असला तरी त्या एका गाडीला आठ-साडेआठ हजार मिळतात. तो भाव म्हणजे प्रसाद. दुसऱ्या गाडीपासून बाजार बाजारासारखा चालतो. अंकात ही बातमी सदाशिवराव दरवर्षी छापत, पण तो अंक व्यापाऱ्यांच्या हातात पडायचा आणि मुहूर्ताचा भाव काय चीज आहे हे व्यापाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. तीस वर्षं हा माणूस जाणत्यांनाच सांगत आला होता, आणि आपण आता दुसऱ्या कुणाला सांगतोय हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

काट्याजवळ उभं राहून, हारातलं एक फूल खिशाला खोचून त्यांनी व्हिडिओ केला. सिंदीत कापूस साडेआठ हजार! कापसाच्या भावात स्फोट! खाली लाल पट्टी. रुचिका म्हणाली, बाबा, एकाच गाडीचा आहे असं बोला ना. त्यावर यांचं उत्तर, ते सगळ्यांना माहीत असतं.

त्या रात्री व्हिडिओ गावोगाव फिरला. वर्धेपासून यवतमाळपर्यंत लोक तो एकमेकांना पाठवत होते. सदाशिवरावांनी सकाळी मला दुकानात येऊन पेढा दिला. मी खाल्ला, पेढ्यावर माझा राग नव्हता.

दुपारपर्यंत जिनिंगच्या फाटकापासून रेल्वे फाटकापर्यंत गाड्यांची रांग लागली. मालकानं हात झटकले, म्हणाला आम्ही कुठं म्हटलं, त्या संपादकाला विचारा. लोक संपादकाला विचारायला गेले. आयुष्यभर लोकांनी विचारावं म्हणून झुरलेला माणूस दाराला आतून कडी घालून बसला. शेवटी रुचिकानंच त्यांना ओट्यावर आणलं, मीही होतो. बाहेर आल्यावर माफी मागायची सोडून हे लोकांवरच डाफरले, "मुहूर्ताचा भाव असते तो. लहान पोराले समजते."

गर्दीतून एक माणूस पुढे आला. पुनाजी उईके, बोर धरणाच्या बाजूच्या एका गोंड वस्तीतला. त्यांच्याकडचा कापूस गावात येणारा खरेदीदार दारातूनच उचलतो, मुहूर्त-बिहूर्त त्यांनी कधी पाहिलेला नाही. हा व्हिडिओ पाहून चार घरांचा कापूस एका भाड्याच्या गाडीत भरून तो सिंदीला आला होता. तो चढ्या आवाजात बोललाही नाही.

"आमाले नाई समजलं, भाऊ. तुमी सांगतलं, आमी आलो."

एवढ्या गाड्या आल्यानं भाव पडला होता, त्या पडत्या भावात विकण्यापेक्षा पुनाजीनं कापूस परत घरी न्यायचं ठरवलं. जाताना सदाशिवरावांनी त्याचा नंबर घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की खरा भाव चढेल त्या दिवशी मी स्वतः तुला फोन करीन. मला वाटलं, वेळ मारून नेतोय.

पण त्यानंतर त्यांनी कोट काढून ठेवला आणि लाल पट्ट्या बंद केल्या. रुचिका सांगत होती तसं रोज चार ओळींत भाव टाकू लागले, पुन्हा दहा ठिकाणी फोन लावून. वरातीमागून घोडं, पण घोडं खरं होतं. त्याखाली लोक लिहायचे, 'मुहूर्त आहे का, काका?' हेही ते वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाव टाकायचे.

संक्रांतीनंतर सरकीनं भावात उचल खाल्ली आणि तिच्यामागे कापूसही चढला, अगदी आठ हजाराच्या पलीकडे. या वेळी खोटं काही नव्हतं, मी स्वतः सौदे केले होते. सदाशिवराव माझ्या दुकानात आले. मला वाटलं पुन्हा पेढा, पण त्यांनी माझ्यासमोर बसून पुनाजीला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. "पुनाजी, मी सिंदीहून सदाशिवराव बोलून राह्यलो. आता भाव चढला, अजून चढते. थांबजो दोन-चार दिवस, मंग घेऊन येजो." पलीकडून पुनाजी म्हणाला, हो भाऊ, बरं झालं सांगतलं. सदाशिवरावांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड फिरवून ढेपेची पोती मोजावी लागली. भाव खरंच चढत गेला.

आठवडा झाला तरी पुनाजीची गाडी आली नाही. सदाशिवराव जिनिंगच्या फाटकावर जाऊन बघून यायचे. शेवटी माझ्या दुकानातूनच त्यांनी पुन्हा फोन केला आणि विचारलं, काऊन नाही आला?

"इकला ना भाऊ, तुमचा फोन आला त्याच सांजेले," पुनाजी म्हणाला. "गावातच, दारावरच्या खरेदीदाराले. साडेसहा हजारानं."

"अरे, पण मी तुले सांगतलं होतं ना, भाव चढते म्हणून."

"म्हूनच तं इकला. तुमी चढते म्हनता तवा भाव पडते, हे आमाले त्या बखती समजलं. साऱ्या वस्तीनंच इकला." आवाजात थट्टेचा लवलेश नव्हता, माणूस मनापासून उपकार मानत होता. "तुमी आठवनीनं फोन केला, भाऊ. पुढच्या सालीही असाच करजा."