लिंबूटिंबूची टाकी

माझं स्थळ आत्याने आणलं. वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"मासे पाळतो," आत्या म्हणाली.

"शोभेचे?"

"नाही. गळाला लावायचे."

जो मासा गळाला लावून मारायचाच, त्याला पाळायचं कशाला, हे वडिलांना उमजेना. आमच्या घरात मासा पिशवीतून यायचा आणि तडक कढईत जायचा. मग आत्याने समजावून सांगितलं. मोठा मासा धरायचा तर गळाला जिवंत, बोटभर मासा लावावा लागतो. मेलेल्या आमिषाकडे तो ढुंकूनही बघत नाही. म्हणून बोटी सुटेपर्यंत ते लहान मासे टाकीत धडधाकट ठेवायचे, हे त्या मुलाचं काम.

"घरची बोट आहे ना? मग हा समुद्रावर का जात नाही?"

आत्याने आवाज खाली आणला. "त्याला बोट लागते."

वडील इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली. "मासे मारणाऱ्याच्या पोराला बोट लागते!" मला त्या हसण्याचा राग आला. ज्याला अजून पाहिलंही नव्हतं त्याची बाजू घेऊन मी आत निघून गेले. माझं लग्न बहुधा तिथेच ठरलं.

धक्क्याच्या टोकाला बर्फाची खोली, तिच्यामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये टाकी, आणि लाकडी जिना चढून गेलं की वर आमची खोली. पंपाची घरघर फरशीतून पायांत यायची. सुरुवातीला डोकं उठलं. पुढे अशी सवय झाली की पंप बंद पडला की त्या शांततेनेच दचकायचे आणि हातातलं शिवण तिथेच टाकून जिना उतरायचे.

धक्क्यावर ह्यांना सगळे लिंबू म्हणायचे. पोरवयात वडिलांच्या बोटीवर चढताना खिशात लिंबू, नाकाशी लिंबू, तरी धक्का नजरेआड व्हायच्या आत पोटातलं सगळं बाहेर. लिंबूचं लिंबूटिंबू व्हायला कितीसा वेळ लागतो? खेळायला घ्यायचं पण मोजायचं नाही, असा भिडू. शेवटी सासरे म्हणाले, "तू खालीच राहा. आमिष सांभाळ." बोट मोठ्या दिरांकडे गेली.

तेव्हा टाकी चौकोनी होती. आणलेल्यांतले निम्मे मासे गळापर्यंत पोचायच्या आतच पोट वर करायचे, आणि हे असंच असतं असं सगळे धरून चालले होते. हे मात्र काठावर बसून बघत राहिले. मासे कोपऱ्यात गोळा व्हायचे, एकमेकांवर चढायचे, भिंतीवर आपटून आपटून त्यांची नाकं लाल व्हायची. ह्यांनी सिमेंट कालवलं आणि चारही कोपरे बुजवून टाकले. पाण्याचा पाइप तिरका बसवला. पाणी संथ गोल फिरायला लागलं आणि मासे त्यात एका दिशेने पोहायला लागले, शाळेतली मुलं मैदानाला फेऱ्या मारतात तसे. मरणं एकदम कमी झालं. कोणी शाबासकी दिली नाही. मासे मरायचे तेव्हा ओरडायला माणसं होती. मरेनासे झाले तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ह्यांच्या चुका झाल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. एका उन्हाळ्यात पाणी तापलं म्हणून ह्यांनी बर्फाच्या लाद्या थेट टाकीत सोडल्या. बर्फ नळाच्या पाण्याचा, नळाच्या पाण्यात औषध, शिवाय खारं पाणी एकदम अळणी झालं. संध्याकाळी टाकी पांढऱ्या पोटांनी भरून गेली होती. तेव्हापासून बर्फ बाटल्यांत बंद करून पाण्यावर तरंगत ठेवायचा, असा नियम झाला. आणि त्या बाटल्या आमच्या फ्रिजमध्ये. लग्नानंतर मी पहिल्यांदा फ्रिज उघडला तर आत जागाच नाही.

"दूध कुठे ठेवू?"

"ठेवायचं कशाला? पिऊन टाकू," हे म्हणाले.

टाकी दाखवायला नेलं तेव्हा मी हौसेने एक मासा उचलायला गेले. ह्यांनी माझं मनगट धरलं. "आधी हात भिजव. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचं बुळबुळीत निघतं. ते त्याचं पांघरूण आहे. ते गेलं की त्याला कुठलाही आजार होतो." मी हात भिजवला. मासा तळहातावर थरथरला आणि मी घाबरून तो परत सोडला. हे हसले नाहीत. "चांगलं केलंस," म्हणाले. "फार वेळ धरायचा नसतोच." नवऱ्याने पहिल्यांदा कौतुक केलं ते असं, मासा सोडल्याबद्दल.

पुढे मीही शिकले. पाण्यावर फेस धरला की पाणी बिघडलंय. मासे वर येऊन तोंड मिटउघड करायला लागले की हवा कमी पडतेय. मेलेला मासा दिसल्या दिसल्या काढायचा, नंतर बघू म्हणायचं नाही. नवा माल आला की तो लगेच बोटीवर द्यायचा नाही, टाकीत रुळू द्यायचं. दिरांना याचीच चीड यायची. "मासे आहेत की पाहुणे?" ते विचारायचे.

मग एका वर्षी किनाऱ्याजवळचा मोठा मासा हटला. तो दूर खोल पाण्यातल्या खडकांकडे गेला, असं सगळे म्हणायला लागले. दुपारी निघालेली बोट तिथे दुसऱ्या सकाळी पोचायची. मोठे दीर दोनदा गेले आणि दोनदा मोकळे आले. तिथे पोचून झाकण उघडावं तर आमिष मेलेलं.

दुसऱ्या खेपेनंतर ते तरातरा शेडमध्ये आले. मी काठावर जाळी धूत होते.

"तुझे मासे मरतात," ते ह्यांना म्हणाले.

"इथून जिवंत जातात, दादा."

"म्हणजे मी मारतो का त्यांना?"

"तसं नाही म्हटलं. पण तुझ्या बोटीवर काय होतं ते मला इथून कसं दिसणार?"

"मग ये की बोटीवर!"

दारात उभे असलेले खलाशी फिस्सकन हसले. दीरही हसले, पण बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच विचित्र वाटलं असावं. ह्यांनी हात पुसले. "येतो," म्हणाले.

मी त्या दिवशी भांडले. जीव गेला तर काय, असं म्हणाले. हे पिशवी भरत राहिले. मी लिंबं आणून ठेवली तर ती बाहेर काढून ठेवली. "त्यांनी काही होत नाही गं."

"मग लहानपणी नाकाशी धरत होता ते?"

"लोकांना काहीतरी केल्याचं समाधान मिळायचं."

पुढचं मी दिरांच्या तोंडून ऐकलं, आणि एकदा नाही, अनेकदा. हे स्वतः कधीच सांगत नाहीत.

धक्क्याची भिंत ओलांडली आणि पहिली उलटी झाली. दीर म्हणाले, "परत फिरवू का?" ह्यांनी मान हलवली, दोरीचा तुकडा घेतला, कमरेला बांधला आणि दुसरं टोक बोटीवरच्या टाकीच्या पायाला. म्हणजे लोळत गेलो तरी टाकीपासून लांब जायला नको. एक हात बादलीवर, एक टाकीच्या काठावर. ओकायचे, तोंड धुवायचे, आत बघायचे.

बोट लाटांवर चढली तशी त्यांना पहिली गोष्ट दिसली. पाणी डेकवर सांडू नये म्हणून बोटीवरची टाकी अर्धीच भरायची पद्धत होती. बोट कलली की पाणी एका भिंतीवर आदळायचं आणि पाण्याबरोबर मासे. "काठोकाठ भरा," हे म्हणाले, "आणि झाकण घट्ट लावा."

"बोट जड होईल," दीर म्हणाले.

"होऊ दे. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आपण दोघं एकाच शाळेत शिकलो ना?"

टाकी भरली. पाण्याचं हिंदकळणं थांबलं. पण जरा वेळाने झाकण उचलून पाहिलं तर पाण्यावर फेस. निघण्याआधी ह्यांनी मासे मुद्दाम उपाशी ठेवले होते. पोट रिकामं असलं की पाणी घाण होत नाही. ह्यांनी वास घेतला, पाण्यातून एक भिजलेला तुकडा काढला. "खायला कोणी घातलं?"

बोटीवरचा स्वयंपाकी पुढे आला. मोठा मायाळू माणूस, वजनानेही. "मी पाव कुस्करून टाकतो. दर खेपेला टाकतो. प्रवासाला निघालेल्या जिवाला उपाशी धाडतात का?"

ह्यांनी बादलीतून तोंड वर काढलं. "माझ्याकडे बघ आणि मग सांग."

दीर सांगतात, बोटीवर इतकं हसू कधी झालं नव्हतं, आणि त्या हसण्यात ह्यांना हसणारा एकही नव्हता. स्वयंपाक्याने कान पकडले आणि घाण पाणी स्वतः बादल्यांनी उपसून पंपाने नवं भरलं. मग नवं पाणी कोमट का लागतं, यावरून शोध लागला की पंपाचं तोंड इंजिनाचं गरम पाणी जिथे बाहेर पडतं त्याच्या शेजारीच होतं. नळी दुसऱ्या बाजूला नेली. हे सगळं सांगायला ह्यांच्या गळ्यात आवाज उरला नव्हता. बोटाने दाखवायचे आणि खलाशी करायचे. आदल्या दिवशी फिस्सकन हसलेलेच खलाशी.

सकाळी खडकांपाशी पोचून झाकण काढलं. सगळे टाकीभोवती वाकले. आत मासे फिरत होते, एका दिशेने, शांतपणे. थोडे दगावले होते, ते ह्यांनी आधीच काढून टाकले होते. दिरांनी गळ लावला, सोडला, आणि दोरी हातातून सुटेल अशी ओढली गेली. वर आला तो मासा दोघांनी धरावा एवढा होता. दीर ओरडले, "पुढचा तू ओढ!"

हे टाकीला टेकून बसले होते, डोळे मिटून. "मला फक्त घरी न्या," म्हणाले.

बोट परत आली तेव्हा मी, जाऊबाई आणि सासरे धक्क्यावर होतो. मालाच्या वजनाने बोट पाण्यात किती खाली बसली आहे ते लांबूनच दिसत होतं. ह्यांना दोघांनी उतरवलं. पाय लागताच हे गुडघ्यांवर बसले आणि सरळ आडवे झाले, गाल धक्क्याच्या दगडावर ठेवून. गर्दी जमली. मागे कोणीतरी म्हणालं, "लिंबू पिळून निघालं बघा," आणि हसू फुटलं.

दीर डेकवरून ओरडले. "कोण हसलं? मी बोट चालवली. मासे यानं आणलेत. एकूण एक."

हसू जागच्या जागी विरलं. मला त्या वेळी वाटलं, धक्क्यावरच्या प्रत्येकाला खांद्याला धरून वळवावं आणि दाखवावं: ते जमिनीवर पडलेत ना, शर्टावर डाग असलेले, ते माझे. मी फक्त खाली बसले आणि ओल्या फडक्याने ह्यांचा चेहरा पुसला. हे म्हणाले, "शेडमधला पंप चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग झोपू का जरा इथेच?"

पुढच्या दिवसांत बाकीचे बोटवाले येऊ लागले. प्रत्येकाची बोट वेगळी, टाकी वेगळी, कुठे काय बिघडतं ते तिथे बसल्याशिवाय कळणार नाही. मला वाटलं, एकदा जाऊन आले, आता नाही म्हणतील. हे प्रत्येक बोटीवर गेले, एकेकदा. प्रत्येक वेळी दोरी, प्रत्येक वेळी बादली. आज आमच्या धक्क्यावर ह्यांनी ओकारी केली नाही अशी एकही बोट नाही, आणि बोटवाले ही गोष्ट नव्या माणसाला मोठ्या दिमाखात सांगतात.

सासरे बरीच वर्षं शेडमध्ये आले नव्हते. एका दुपारी काठी टेकत आले, उपड्या टोपलीवर बसले आणि टाकीकडे बघत राहिले. मी चहा आणला.

"तुला खाली ठेवलं तेव्हा," ते ह्यांना म्हणू लागले.

"बरं झालं ठेवलंत, बाबा."

"बरं व्हावं म्हणून नव्हतं ठेवलं. लाज वाटायची मला."

"माहीत आहे."

सासऱ्यांनी चहा संपवला. मग विचारलं, "ते शेपटीवर पांढरा ठिपका असलेले वेगळे का ठेवलेत?" हे त्यांना सांगू लागले आणि सांगता सांगता संध्याकाळ झाली. त्यानंतर ती टोपली तिथून कोणी हलवली नाही. ते रोज येऊन बसायचे आणि आलेल्या-गेलेल्याला हात भिजवायला लावायचे.

गेल्या वर्षी दिरांनी नवी बोट बांधायला घातली. बोट बांधणारा कारागीर आधी आमच्याकडे आला. टाकी कुठे, कशी, झाकण केवढं, नळी कुठून, सगळं ह्यांनी शेडच्या फरशीवर खडूने काढून दाखवलं. कारागीर म्हणाला, "म्हणजे आधी टाकी ठरवायची आणि मग तिच्याभोवती बोट बांधायची." ह्यांना त्यात गंमत दिसली नाही. "हो, तसंच," म्हणाले.

बोट पाण्यात उतरायची त्या दिवशी सगळा धक्का जमला होता. जाऊबाई बोलवायला आल्या तेव्हा हे टाकीपाशी होते. सकाळीच नवे मासे आले होते. "आत्ताच आलेत, भेदरलेत," हे म्हणाले. "मी गेलो आणि पंप बंद पडला तर? तुम्ही व्हा पुढे."

मग मी एकटीच गेले, चांगली साडी नेसून, अगदी पुढे उभी राहिले. बोट सरकत पाण्यात गेली, डुलली आणि स्थिर झाली. कारागिराने गर्दीत इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "आणि ते कुठे आहेत?"

"कामावर आहेत," मी म्हणाले. पलीकडच्या बोटीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.