बिननावाची फाइल

नावावर कवडीचाही विश्वास न ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. अनसिंग गावातल्या घरी त्यांच्या संगणकात फुकट मिळणारी नाना तऱ्हेची साधनं भरलेली. कुठलीही फाइल त्यांत टाकली की ती आतून खरी काय आहे ते कळतं. "नाव काय, कोनीबी ठेवते जी. आतलं पाहा!" हे त्यांचं ब्रीद. शेजाऱ्याच्या मोबाइलवर आलेली लग्नपत्रिका त्यांनी अशीच तपासली, तर ते बँकेतला पैसा पळवणारं ॲप निघालं. तेव्हापासून छापील पत्रिका घेऊन येणाऱ्यालाही ते आधी उंबऱ्याबाहेर उभं करून निरखतात.

असा हा माणूस एका फाइलपुढे मात्र हरला होता. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची ताई, अचानक गेली. तिचा आवाज कुठेच उरला नाही. तिच्या बिघडलेल्या मोबाइलमधून एकच बिननावाची फाइल हाती लागली. नवं साधन मिळालं की साडू पहिल्यांदा तीच टाकत, आणि पडद्यावर उमटे, अनोळखी. भरल्या ताटावरून उठून पुन्हा तिथेच जाऊन बसत. मला त्यांची फार काळजी वाटायची.

एकदा भरदुपारी गेलो तर दारातच त्यांनी माझा हात धरला.

"आवाजाची फाइल हाय म्हनून राह्यलं नवं साधन. एकट्याले आयकवत नाही मले."

आधी नुसती घरघर. मग स्वयंपाकघरातून यावा तसा ताईचा आवाज आला, "कोन आलं?"

साडू सवयीनं बोलून गेले, "जवाईबापू आले वं. च्या ठेव."

त्यांचं बोलणं संपेपर्यंत ताई जणू थांबली होती. "मंग त्यायचा बिनसाखरेचाच ठेवतो," ती म्हणाली, आणि फाइल संपली.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ताई होती तोवर माझ्या चहात साखर रग्गड असायची. मधुमेहाचा रिपोर्ट आदल्याच आठवड्यातला, आणि तो मी बायकोलाही दाखवला नव्हता.

साडू उठले, चहा ठेवला. साखरेचा डबा हातात घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. त्यांनी डबा जागेवर ठेवला; डोळे भरून आले होते.

"आता तरी त्या फाइलला नाव द्या," मी म्हणालो.

"कायले? आवाज ओळखीचा हाय."

घरी येऊन मी बायकोला रिपोर्ट दाखवला. आता अनसिंगला गेलो की दारात जरा थांबतो. आतून कोणी विचारत नाही. तरी मी आपलं नाव सांगतो आणि मगच आत जातो.