रामभाऊंच्या चिपा

हातोडीने ठोकलं की भरीव सांधा टणक वाजतो. तिसऱ्या भिंतीच्या तळाशी मी ठोकलं, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. छिन्नीने वरचं सिमेंट उडवलं. आत दगडाच्या चिपा होत्या, आणि चिपांमध्ये नुसती पोकळी.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. कोल्हारजवळ एका शाळेच्या मुलींच्या दोन मजली हॉस्टेलचं बांधकाम चाललं होतं. मी साइट इंजिनियर, वय सव्वीस, आणि अंगात शहाणपणा वयापेक्षा जास्त. प्रीकास्ट तेव्हा आमच्याकडे नवीन. काँक्रीटची अख्खी भिंत जमिनीवर आडवी ओतायची आणि पक्की झाली की क्रेनने उभी करायची. पायातून वर आलेल्या सळया भिंतीच्या तळातल्या खाचांत बसतात. त्या खाचा आणि भिंतीखालची फट मॉर्टरने, म्हणजे सिमेंट-वाळूच्या कालवणाने, भरायची. भूकंपात भिंत आडवी ढकलली गेली की तिला याच सळया उलटू देत नाहीत, पण मॉर्टरने सळईला धरलं तरच. कोयनेचा धक्का ताजा होता, म्हणून ड्रॉइंगवर या सांध्यांना वेगळं पान होतं.

सांधे भरणारे रामभाऊ संगमनेरकडचे. दगडी बांधकामातला नावाजलेला गवंडी.

"रामभाऊ, या चिपा कोणी घातल्या?"

"म्याच. फट मोठी हुती. चिप घातल्याबिगर माल बसतोय व्हय? तीस वर्सं असंच करतोय."

माल म्हणजे मॉर्टर. आणि दगडाच्या भिंतीत त्यांचं अगदी बरोबर होतं. तिथे दगड वजनाने बसतो, चिप त्याला हलू देत नाही. इथे चिपांमुळे माल आत पोचलाच नव्हता. रजिस्टरमध्ये मात्र 'सांधे तपासले' असं होतं, आणि खाली सही माझी. त्या दिवसांत मी भिंती ओतून घेण्यात गुंतलो होतो. न बघता सही केली. लाज वाटली, आजही वाटते.

कंत्राटदार भाऊसाहेबांना सांगितलं.

"भिंती उभ्या हायेत ना?"

"आहेत."

"मग? जूनला पोरी यायच्यात. नगरला कुठला आलाय भूकंप?"

"आला तर पोरी आत असतील, भाऊसाहेब."

ते म्हणाले, "मला दाखव. पुस्तकातलं नको."

अर्ध्या मापाच्या दोन भिंती अंगणात उभ्या केल्या. एकीचा सांधा रामभाऊंनी चिपा घालून भरला, दुसरीचा मी सांगितला तसा, नुसता माल सळईने ठासून. पक्का व्हायला पंधरा दिवस दिले. मग चिंचेच्या खोडाला चेन-पुली बांधली आणि भिंत लांबीच्या दिशेने ओढली, आधी इकडून, मग तिकडून.

चिपांची भिंत तिसऱ्या ओढीला उचलली गेली. सळई सरळ निसटली. भिंत एका कोपऱ्यावर आदळली आणि खालपासून वरपर्यंत तिरकी फुटली.

दुसरीही हलली. पण फुटला तो फक्त कोपऱ्यातला माल. भिंत शाबूत. रामभाऊंनी तो माल खरवडला, नवा भरला, दुपारच्या जेवणाआधी काम उरकलं.

"ही भिंत दुरुस्त होते," मी म्हणालो. "ती पहिली नाही होत. वर मजला असताना भिंत कशी बदलणार?"

भाऊसाहेबांनी फुटलेली भिंत पाहून नाइलाजाने मान डोलावली. रामभाऊ पहिल्या भिंतीजवळ उकिडवे बसून निसटलेली सळई बोटाने चाचपत होते.

"माजी नात येनार हाय हितं," ते म्हणाले. "समदे सांदे मीच उकरतो. एका येळी एकच खाच. बाकीच्या ठिकानी लोखंडी पाचरी मारा, म्हंजे भिंत बसनार न्हाई."

सगळं एकाच वेळी उकरलं तर भिंत खचेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

हॉस्टेल महिनाभर उशिरा उघडलं. तोवर मुली वर्गांत झोपल्या. भाऊसाहेब माझ्याशी दिवाळीपर्यंत कामापुरतंच बोलले. भूकंप काही आला नाही. न येवो.

पुढे नोकरीत मी एक सवय लावून घेतली. नवीन काम सांगण्याआधी गवंड्याला विचारायचं, "असलं काम तुम्ही नेहमी कसं करता?" निम्म्या चुका त्या उत्तरातच सापडतात. उरलेल्या निम्म्या सापडतात आपल्या सहीखाली.