लोटाभर पाणी आणि नकार

तेव्हाच्या मध्य भारत राज्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असायची. हिवाळा आला की आमचं ऑफिस फायलींसकट तिकडे निघायचं, आणि त्याआधी आठवडाभर अनोळखी माणसं आमच्या टेबलांपुढे उभी राहायची. कुणाकडे ग्वाल्हेरला दिलेल्या लेकीसाठी लोणच्याची बरणी, कुणाकडे भावासाठी रजई.

माझ्या शेजारच्या टेबलावरचे बाबू हात जोडून हसत इंदुरी ढंगात म्हणायचे, "भिया, अपने से नहीं होगा. बसा, पाणी घ्या." कारण सांगायचे नाहीत, आवाज चढवायचे नाहीत. माणूस पाणी पिऊन खुशीत उठायचा आणि बरणी घेऊन माझ्याकडे यायचा. मी पाच सबबी सांगायचो आणि मग बरणी घ्यायचो. माझ्या वळकटीला बारा महिने लोणच्याचा वास. तरी रस्त्यात नमस्कार त्यांना, मला मात्र, "बरणी परत नाही आणली?" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका वर्षी माझ्याकडे सात बोचकी जमली. निघायच्या दिवशी मी बाबूंना म्हटलं, "तुमची तर एकच ट्रंक आहे. एवढी एक बरणी ठेवा ना."

त्यांनी हात जोडले. "भिया, अपने से नहीं होगा. बसा, पाणी घ्या."

पाणी थंडगार होतं. ते पिऊन मी उठलो आणि चक्क त्यांचे आभार मानले. बरणी उचलताना राग शोधला, तर सापडेना. तेवढं मात्र मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.